काळा कॉस्च्युम तपकिरी का होतो?

पोत आणि पीळ : कापडाविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेला पोहण्याच्या कपड्यांविषयी इतकी पत्रं आली की पैठणीच्या जरीचा प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावा लागला. सगळी पत्रं कोकणातली. समुद्राकाठची माणसं टँकवर पोहायला जातात याचं आधी हसू आलं. पत्रं वाचून झाल्यावर मात्र हसू गेलं, कारण बऱ्याच जणांचे पैसे खरोखरच पाण्यात चालले आहेत.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीची. पाठदुखीवर डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून आठवड्यातले पाच दिवस सकाळी बायकांच्या बॅचला टँकवर जाते. पहिला कॉस्च्युम साधा काळा घेतला होता. गणपतीपर्यंत तो तपकिरी झाला आणि बसायच्या जागी इतका विरला की शेवटी मैत्रिणीने कानात सांगितलं. मग दुप्पट किमतीचा, जांभळा, फुलाफुलांचा घेतला. त्याचीही तीच गत. गळ्याला आणि काखेत तर पार ढगळ झाला. टँकवाले क्लोरीन जास्त घालतात का? नेमकं कोणतं कापड घ्यावं? नवरा म्हणतो, सारखे कॉस्च्युम घेण्यापेक्षा भाट्याच्या समुद्रात जा.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : समुद्राचं राहू द्या. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूही नका. आधी दोन्ही कॉस्च्युम उलटे करा. आतल्या शिवणीला एक छोटी पांढरी पट्टी असेल. तिच्यावर नायलॉन (किंवा पॉलिअमाइड) ८० टक्के, इलास्टेन २० टक्के, किंवा याच्या आसपासचं काहीतरी छापलेलं असणार. पैज लावून सांगते. दुप्पट पैसे तुम्ही फुलांचे, आतल्या पॅडचे आणि नावाचे दिलेत. कापड तेच होतं.

इलास्टेन म्हणजे आपण सरसकट ज्याला लायक्रा म्हणतो ते. लायक्रा हे ड्यूपाँ कंपनीने दिलेलं व्यापारी नाव. त्यांच्याच जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने १९५८ साली हा धागा तयार केला. तो पॉलियुरेथेनचा असतो, मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणला तरी परत जागेवर येतो. कॉस्च्युम अंगाला घट्ट बसतो तो त्या वीस टक्क्यांच्या जिवावर, आणि टँकच्या पाण्यात सगळ्यांत आधी जीव सोडतो तोही हाच धागा. तुमचं ‘ढगळ होणं’ ते हेच. हे ओळखायचं असेल तर जुना कॉस्च्युम उजेडासमोर धरून ताणा. कापडातून बारीक, पांढुरके, तुटके केस डोकावताना दिसतील. तेच मेलेलं इलास्टेन.

का मरतं? क्लोरीनला नायट्रोजनची संयुगं दिसली की ते त्यांच्यावर धावून जातं. घामात, लघवीत, अंगावरच्या मळात ती असतात. त्यांच्याशी क्लोरीन जुळलं की क्लोरामाइन तयार होतात, आणि टँकवर नाकात बसणारा उग्र वास असतो तो या क्लोरामाइनचा. त्यामुळे वास आला म्हणजे टँकवाल्यांनी क्लोरीन ओतलंय असं लगेच म्हणू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की मंडळी अंघोळ न करता उतरली आहेत. नीट ठेवलेल्या टँकमध्ये लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असतं आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या मधे. तुमच्या टँकवर हे आकडे फळ्यावर लिहीत नसतील तर विचारा, फी भरता तुम्ही. आता मुद्दा असा की नायट्रोजन इलास्टेनच्या रेणूतही आहे आणि नायलॉनच्याही. क्लोरीन तिथेही पोहोचतं आणि साखळ्या तोडत बसतं. इलास्टेनच्या लवकर तुटतात, नायलॉनच्या सावकाश. पॉलिस्टरच्या साखळीत नायट्रोजनच नाही, त्यामुळे टँकमधल्या क्लोरीनचं तिथे फारसं काही चालत नाही.

रंगाची गोष्ट थोडी वेगळी. मी नोकरीची सगळी वर्षं मुंबईत एका कापड-तपासणी प्रयोगशाळेत काढली, रंगांचा पक्केपणा बघण्यात, म्हणून इथे जरा रेंगाळते. नायलॉन आम्लरंगांनी रंगवतात. हे रंग धाग्याशी विद्युतभाराच्या ओढीने धरून असतात. एरवी चांगले टिकतात, पण क्लोरीन आणि ऊन एकदम आलं की पकड ढिली पडते आणि रंगाचा रेणूही मोडतो. पॉलिस्टरचं रंगकाम दांडगं असतं. सुमारे १३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, दाबाखाली, धागा सैलावतो आणि डिस्पर्स जातीचा रंग त्याच्या पोटात शिरतो. धागा थंड झाला की रंग आतच कोंडला जातो. तिथून त्याला काढायला टँकचं पाणी पुरत नाही.

आमच्याकडे या कापडाची चाचणी आयएसओ १०५-ई०३ या क्रमांकाने व्हायची. कापडाचा तुकडा लिटरला ५० किंवा १०० मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात तासभर घुसळायचा, वाळवायचा आणि रंग किती बदलला ते फिकट-गडद करड्या छटांच्या नमुना-पट्ट्यांशी ताडून १ ते ५ गुण द्यायचे. ५ म्हणजे रंग हललासुद्धा नाही. टँकमध्ये इतकं क्लोरीन कधीच नसतं, पण तुम्ही रोज उतरता, त्या सगळ्या दिवसांची कसर चाचणी तासाभरात काढते. नायलॉनवरची फिरोजी आणि जांभळी फुलं त्या भांड्यातून ओशाळं तोंड करून बाहेर यायची. गडद निळं पॉलिस्टर बहुधा जसं गेलं तसंच परत. तुमचा काळा तपकिरी झाला त्याचंही कारण इथलंच आहे. काळा बहुधा एकटा रंग नसतो, दोनतीन रंग मिसळून केलेला असतो. त्यातला निळा आधी गेला की मागे तांबूस-तपकिरी उरतो.

तेव्हा रोजच्या टँकसाठी पट्टीवर ‘पॉलिस्टर आणि पीबीटी’ शोधा. ५०-५० असेल, ५३-४७ असेल, तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही. पीबीटी हा पॉलिस्टरचाच भाऊबंद, पूर्ण नाव पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट. त्याच्या धाग्याला स्वतःची कुरळी वळणं असतात, म्हणून इलास्टेन न घालताही कापड बऱ्यापैकी ताणतं. रोज पोहणाऱ्या पोरांच्या सरावाच्या कॉस्च्युमचं हे नेहमीचं कापड. हे मिळालं नाही तर पॉलिस्टर जास्त आणि क्लोरीनला टिकणारं इलास्टेन थोडं, असं घ्या. काही पट्ट्यांवर ‘एक्स्ट्रा लाइफ लायक्रा’ असं लिहिलेलं असतं, ते या जातीचं. साध्या इलास्टेनपेक्षा ते बरंच जास्त तग धरतं, पण अमर नाही.

या कापडाचे तोटेही ऐकून ठेवा. पॉलिस्टर-पीबीटी अंगाला लोण्यासारखं बसत नाही. पहिल्यांदा घालताना तुम्ही मला शिव्या द्याल. पोट आवळून बारीक दाखवायचं काम ते करत नाही. रंगही मिळतात ते शाळेच्या गणवेशातले वाटावेत असे, निळा, काळा, मरून. तुमची जांभळी फुलं सुट्टीत तारकर्लीला न्या, तिथे ती शोभतील.

दुकानात घेताना पुठ्ठ्याच्या टॅगवर ‘क्लोरीन रेझिस्टंट’ छापलंय एवढ्यावर जाऊ नका, शिवलेली पट्टी वाचा. ऑनलाइन घेताना कापडाचे टक्के दिलेले नसतील तर सोडून द्या, दिसायला कितीही छान असो. कापड दोन्ही हातांनी ताणून खिडकीपुढे धरा. कोरं असतानाच बोटं दिसत असतील तर वर्षभरात काय दिसेल ते सांगायला नको. वजन दिलेलं असेल तर चौरस मीटरला १९० ग्रॅमच्या वरचं पाहा. पुढून-मागून दोन्हीकडे अस्तर असेल तर उत्तमच.

आणि विरणं फक्त बसायच्या जागी का? क्लोरीन तर सगळीकडे सारखंच लागतं. बॅच सुरू व्हायची वाट बघत तुम्ही सगळ्याजणी टँकच्या काठावर, सिमेंटच्या नाहीतर जांभ्याच्या चिऱ्याच्या पायरीवर बसत असणार. जांभा म्हणजे खरवडणीच. टॉवेल घालून बसा.

बाकी निगा सोपी आहे. उतरण्याआधी शॉवरखाली कॉस्च्युम साध्या पाण्याने निथळता ओला करा. कोरडं कापड टँकचं पाणी अधाशासारखं पितं, आधीच भिजलेलं कमी पितं. बाहेर आल्यावर तिथेच, अंगावर असतानाच, भरपूर साध्या पाण्याने धुवा. ओला कॉस्च्युम प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून स्कूटरच्या डिकीत, तिथून बाजारहाट, मग दुपारी घरी, हे बंद. घरी सौम्य साबण, थंड पाणी, हाताने. पिळायचा नाही, दगडावर आपटायचा तर नाहीच. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं द्रावण नको, मशीनमधला ड्रायर नको. शक्य असेल तर दोन कॉस्च्युम आलटून पालटून वापरा, ताणलेल्या धाग्याला सावरायला वेळ मिळतो.

एक आपल्याकडची खास खोड. पोहायला जाताना डोक्याला आणि हातापायांना खोबरेल चोपडायचं, म्हणे पाणी बाधत नाही. तेलाने इलास्टेन फुगतं आणि लवकर कुजतं, शिवाय टँकचा फिल्टर चिकट होतो तो वेगळाच. केसांना लावायचंच असेल तर थेंबभर लावा आणि वर टोपी घाला. अंगाला मात्र घरी येऊन अंघोळ झाल्यावर हवं तेवढं चोपडा.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची. चिपळूणला उन्हाळी वर्गात पोहायला शिकली, आता सर म्हणतात रोज पाठवा, स्पर्धेला उतरवू. मी स्वतः विहिरीत पांगाऱ्याचा बिंडा कमरेला बांधून चड्डीवर शिकलेला माणूस, मला यातलं काही कळत नाही. दुकानदार म्हणतो रेसिंग सूट घ्या. बायको म्हणते वाढतं अंग आहे, एक साइज मोठा घ्या. मुलीला निऑन पोपटीच हवा. कुणाचं ऐकू?
– एक बाबा, चिपळूण

उत्तर : मुलीचं अर्धं ऐका. बाकी दोघांचं नको.

एक साइज मोठा घेतलात तर गळ्यातून पाणी आत भरणार, पट्टे खांद्यावरून घसरणार आणि बिचारी प्रत्येक लांबीला कॉस्च्युम सावरत राहणार. कोरडा असताना घट्ट वाटला पाहिजे, ओला झाला की थोडा सैलावतोच. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जातील असा घ्या.

रेसिंग सूट म्हणजे शर्यतीच्या दिवशी घालायचा पातळ, आवळ कपडा. त्याचं आयुष्य मुळातच थोडं. २००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनच्या अंगभर सुटांनी जागतिक विक्रमांची अशी काही रांग लावली की आंतरराष्ट्रीय संघटनेला १ जानेवारी २०१० पासून नियम बदलावा लागला. आता सूट कापडाचाच लागतो, मुलींचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत आणि मुलांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंत. अकरा वर्षांच्या मुलीला सरावासाठी यातलं काही लागत नाही. दुकानदाराला लागतं.

रोज जाणार असेल तर वर सांगितलेलं पॉलिस्टर-पीबीटी. वर्षभरात आखूड होईल हे खरं, पण कापड तोवर धडधाकट असेल आणि धाकट्या चुलत-मावस बहिणीला जाईल. नायलॉनचा कुणाला देता येत नाही. फक्त मे महिन्यापुरती जाणार असती तर मी म्हटलं असतं, स्वस्त नायलॉन घ्या आणि विसरून जा.

आता निऑन. झगझगीत रंग उन्हात सगळ्यांत आधी विटतात, उघड्या टँकवर तर फारच लवकर. पण मुलीच्या म्हणण्यात एक शहाणपण आहे, तिला माहीत नसलं तरी. पाण्याखाली फिकट निळा आणि पांढरा कॉस्च्युम दिसतच नाही, झगझगीत नारिंगी, पोपटी लांबून दिसतो. काठावरून डोळा ठेवणाऱ्याला हा फरक मोठा असतो. त्यामुळे कॉस्च्युम गडद घ्या आणि डोक्यावर निऑन पोपटी सिलिकॉनची टोपी. टोपी विटली तरी बदलायला स्वस्त, आणि पाण्यावर तिचं डोकंच तर वर असतं.

प्रश्न : मी मालवणची. टँकवरही जाते आणि हिवाळ्यात समुद्रातही पोहते, या डिसेंबरात चिवल्याच्या सागरी स्पर्धेत उतरायचं मनात आहे. मला अंगभर, पूर्ण बाह्यांचा कॉस्च्युम हवा. त्यावरही सासूबाई ‘ह्यां काय गो घातलंस?’ म्हणणारच, पण ते मी बघून घेईन. आधी कॉटनचा टी-शर्ट आणि लेगिंग घालून टँकवर गेले तर आत सोडलं नाही. माझ्या मापाचं तयार मिळत नाही. शिंप्याकडून शिवून घेता येईल का? टँक आणि समुद्र दोन्हीला एकच चालेल का? आणि पावसात वाळवायचा कसा?
– एक वाचक, मालवण

उत्तर : टँकवाल्यांनी सोडलं नाही ते बरोबर केलं. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, हात उचलणं मुश्कील होतं, आणि त्याची लव सुटून फिल्टरमध्ये अडकते. समुद्रात तर ओल्या टी-शर्टचं ओझं धोक्याचं.

शिवून घेता येईल, पण नेहमीच्या ब्लाउजवाल्याकडे नको. गॅदरिंगच्या नाचाचे किंवा खेळाडूंचे कपडे शिवणारा गाठा, त्याला ताणणाऱ्या कापडाचा हात असतो. कापड उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं, पॉलिस्टर जास्त असलेलं, गडद रंगाचं. नाचाच्या कपड्यांचं चकचकीत नायलॉन तो आधी पुढे करील, ते नको म्हणा. धागा पॉलिस्टरचा, सुती धागा ताण आला की तुटतो. सुई गोल टोकाची, नाहीतर विणीला भोकं पडून तिथून घरं सुटत जातात. टीप सरळ नको, झिगझॅग किंवा ओव्हरलॉक हवी, कारण सरळ टीप पहिल्याच हातमाऱ्याला काखेत उसवेल. चेन लावायची तर प्लास्टिकची, धातूची खाऱ्या पाण्यात गंजते. आणि परकराच्या दुकानातलं साधं पांढरं इलॅस्टिक घालू देऊ नका. कापड उत्तम आणि मांडीला, गळ्याला मेलेलं इलॅस्टिक असे कॉस्च्युम मी पुष्कळ पाहिलेत. पोहण्याच्या कपड्याचं इलॅस्टिक वेगळं मिळतं, मुंबईहून मागवावं लागलं तरी मागवा.

पूर्ण बाह्यांचा एक फायदा सासूबाईंना सांगा. पॉलिस्टर अतिनील किरण बरेच शोषतं, त्यात कापड दाट आणि गडद असेल तर पाठ आणि दंड भाजत नाहीत.

टँकसाठी घेतलेला समुद्रात खुशाल न्या. समुद्रासाठी घेतलेला नायलॉनचा मात्र टँकवर नेऊ नका. मीठ कापडाच्या रेणूला क्लोरीनसारखं खात नाही. ते त्रास देतं वाळल्यावर, कारण मिठाचे खडे आणि वाळू विणीत बसतात आणि प्रत्येक हालचालीला धागे कातरतात. अस्तर उलटं करून गोड्या पाण्यात दोनतीनदा खळबळून घ्या. इथे एक मेख आहे. तुमच्या विहिरीच्या पाण्याने बादलीला तांबूस कड चढत असेल तर त्यात लोह आहे. सनस्क्रीनमध्ये अवोबेन्झोन असेल तर ते लोहाशी मिळून कापडावर गंजासारखे पिवळट-तांबूस डाग पाडतं, आणि बायका ते सनस्क्रीनचे डाग समजून ब्लीचमध्ये बुडवतात, त्याने डाग आणखी गडद होतात. लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेवा आणि धुवा. घरात कोकमाचं आगळ आहे म्हणून ते वापराल, तर त्याचा स्वतःचाच डाग काढत बसावं लागेल.

वाळवण्यातही पॉलिस्टर तुमच्या बाजूने आहे. नायलॉन हवेतला ओलावा सुमारे चार टक्के धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. जुलैत मालवणला या फरकाची किंमत कळते. कॉस्च्युम सुक्या टॉवेलवर पसरा, दोन्ही मिळून गुंडाळी करा, तिच्यावर गुडघ्याने दाबा. मग पडवीत आडव्या काठीवर टाका आणि पंखा सोडा. न्हाणीतल्या पाणी तापवायच्या चुलीवर दोरी बांधून वाळवायची जुनी सवय चादरींना ठीक आहे. इलास्टेन असलेल्या कापडाला ती उष्णता आणि धूर दोन्ही नकोत. इस्त्री कधीच नाही. ओलसर घडी करून कपाटात ठेवलात तर बुरशीचे काळे ठिपके येतील, आणि ते पॉलिस्टरवरूनही सहज निघत नाहीत.

प्रश्न : नवा कॉस्च्युम आधी मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवला तर रंग पक्का होतो, हे खरं का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : नाही. मीठ कामाला येतं ते सुती कापड रंगवताना, रंगाच्या भांड्यात. तेव्हा ते रंगाला धाग्याकडे ढकलतं. कारखान्यात रंगवून, शिवून आलेल्या कपड्याला नंतर मीठ पाजून काही होत नाही, आणि पॉलिस्टरच्या रंगाचा मिठाशी तसाही संबंध नाही. व्हिनेगरचंही तेच, घरच्या बादलीत त्याने रंग पक्का होत नाही. पहिल्या धुण्यात थोडा रंग सुटला तर तो वर राहिलेला जास्तीचा रंग असतो. साध्या थंड पाण्यात वेगळा धुऊन टाका. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही पाणी रंगीत येत असेल तर पावती शोधा आणि परत करा.